कॅसेटच्या शेपटाला उरलेली पोरगी

अनसा,

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे गाडीला लागले, भांडी घासून पालथी पडली, आणि राहिलेल्या बायका ओसरीवर टेकल्या. तुझंच चाललं होतं. कुणी तुझ्या हातच्या शिलाईचं काढलं, कुणी म्हणालं, तिला मोठ्यानं बोललेलं कधी ऐकलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमी दोघींनी एकदा व्हिडिओवर लय न्यारं काहीतरी पाहिलं होतं..." तर माझी लेक माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आई, राहू दे की आता ते." आजारी माणसाला म्हणतात तशी म्हणाली. आणि पलीकडं कुणीतरी कुणालातरी कोपरानं ढोसलं.

इतकी वर्षं तुला कसं वाटत असंल, ते मला त्या घटकेला कळलं.

एखादी गोष्ट दोघींनी पाहिली तर ती झालेली असते. दोघींतली एक गेली की उरलेलीनं पाहिलं ते सपान होतं. ती निळ्या केसांची पोरगी, तो पांढऱ्या केसांचा माणूस, ते तळं, ह्यांना ओळखणारी आता परभणी जिल्ह्यात मी एकटी आहे. जिल्ह्यातच कशाला, मला तर वाटतं जगात.

म्हणून लिहायला बसले. तुझा जन्म कधीचा, माहेर कुठलं, हे काही मी लिहिणार नाही. ते तेराव्याला गुरुजींनी सांगितलं, आणि त्यातही तुझ्या बापाचं नाव चुकवलं. मला त्या दुपारचं लिहायचंय, आणि तिच्यापायी आपलं जे भांडण राहून गेलं त्याचं.

गणपतीचे दिवस होते. मंडळानं गंगाखेडहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. रात्री गड्यामाणसांनी मारुतीच्या पारावर तीन सिनेमे पाहिले, आणि सकाळी ते सामान परत जायचं होतं. पण नामांतराचे दिवस होते ते. कुठं काही झालं की गाड्या बंद व्हायच्या, तशा त्या दिवशी झाल्या. व्हिडिओवाला अडकला. मग सामान कुणाच्या घरात ठेवायचं, तर आपल्या. आपल्या माजघराला कुलूप होतं आणि लाईटही. गावातल्या बायकांना एवढंच पाहिजे होतं. दुपारपर्यंत माजघर भरलं. "आमाला देवाचं लावा," म्हणून सगळ्या त्याच्या मागं लागल्या. त्यानं कॅसेट घातली आणि डोळे मोठे करून सांगितलं, "मावशी, कंच्याबी बटनाला हात लावायचा न्हाई. संपलं की मला आवाज द्या, मी पारावर पडलोय."

देवाचा सिनेमा संपला. बायकांनी टीव्हीला हळदीकुंकू लावलं, साखर ठेवली, लेकरांना पाया पडायला लावलं. तू मागं भिंतीला टेकून उभी होतीस. तुला पुढं ये असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणाले नाही. मूग तोडणीचे दिवस, घटकाभरात सगळ्या रानात पांगल्या. टीव्ही राखायला आपण दोघी जावा राहिलो.

मी म्हणाले, "त्याला आवाज दे की."

तू म्हणालीस, "झोपू द्या बिचाऱ्याला. बंद व्हईल आपोआप."

पडद्यावर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या. बटनाला हात लावायची आपल्या दोघींची छाती नव्हती. मी शेंगा फोडायला घेतल्या. आणि मुंग्यांतून एकदम ते तळं आलं.

आधी मला वाटलं देवाचंच पुढचं काहीतरी असंल. म्हणून मी हातही जोडले, आठवतं का? तू हसलीस. "आक्का, चित्रं हायती ती. काढलेली. हलायलीत." खरंच, हातानं काढलेली चित्रं. पण माणसासारखी वागणारी. त्या पोरीचे डोळे मोसंबीएवढे, आणि त्यात पाणी आलं की आधी थरथरायचं आणि मग खाली यायचं. मी जित्या माणसाचं रडणं इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. बोलणं एक अक्षर कळत नव्हतं. मधेच अक्षरं यायची ती उभी, पावसाच्या धारेसारखी वरून खाली.

आणि वरून पांढरं पांढरं पडत होतं. मी म्हणाले, "अगं बया, कापूस पडायलाय!" तूही म्हणालीस, कापूसच. दोघी शेतकऱ्याच्या घरच्या, आपल्याला दुसरं काय दिसणार? आभाळातून कापूस पडतो अशा मुलखात ह्या लोकांना वेचणीला बाया लागत नसतील, असं मी म्हणाले आणि तू शेंगांच्या टोपल्यावर ओणवी होऊन हसलीस. तो बर्फ होता, हे आपल्याला पुढं मास्तरांनी सांगितलं.

पोरगी एका मोठ्या घरात राहायची. घरात एक म्हातारी. आई म्हणावी तर वयानं जास्त, चुलती असावी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दिवस मावळला की ती एकेक दार लावत यायची. मला ती म्हातारी लगेच पटली. घर म्हटलं की कुणीतरी दारं लावायला पाहिजेच. आणि कापूस पडू लागला की तळ्याकडून तो माणूस यायचा. तरणा, पण केस पांढरे, अंगात काळा पायघोळ डगला. पायरीवर बसायचा. काही आणायचा नाही, काही मागायचा नाही. पोरगी कंदील घेऊन दाराच्या फटीपाशी बसायची आणि दोघं बोलायची.

"आक्का," तू माझा दंड धरलास, "ह्यो माणूस मेलेला हाय."

"कशावरून गं?"

"कंदिलाखाली बघा की. तिची सावली पडली, त्याची न्हाई."

मला वाटलं, आता पोरगी किंचाळणार, दार लावणार. तिनं काय केलं? तिनंही पाहिलं त्याला सावली नाही ते. त्यानंही पाहिलं की हिला कळलं. आणि मग तिनं कंदिलाची वात बारीक केली. इतकी बारीक, की तिचीही सावली दिसेना. त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. तू ते पाहून डोळ्याला पदर लावलास आणि पुढं कितीतरी दिवस मला म्हणत राहिलीस, "वात बारीक केली बघा आक्का तिनं." घरात कंदील पुसताना, पीठ मळताना, मधेच. "वात बारीक केली."

दोन शेराच्या भाकरी व्हाव्यात एवढा वेळ ते चाललं असंल. मग फीत संपली, मशीन खर्रकन वाजलं आणि आपोआप मागं फिरायला लागलं. तू पळत जाऊन व्हिडिओवाल्याला उठवून आणलंस. तो डोळे चोळत म्हणाला, "मावशी, ह्या कॅसेटीत देवाचं हाय. दुसरं काय असणार?" तू म्हणालीस, "लावून बघा की, शेवटाला हाय." तर तेवढ्यात लाईट गेली. ती आली तेव्हा गाड्या सुरू झाल्या होत्या, आणि तो सामान बांधून गेलाही होता.

मालकांना रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "दोघींनी मिळून भांग घेतल्ती का काय?" झालं. दुसऱ्या दिवशी गावाला विषय मिळाला.

तू मात्र सोडलं नाहीस. एरवी कुणी पायावर पाय दिला तरी न बोलणारी तू, पण ह्या एका गोष्टीची शहानिशा करायची म्हणून कंबर कसलीस. अस्तर आणि बटनं आणायला गंगाखेडला जायचीस, तेव्हा मला सोबत घेऊन त्या व्हिडिओच्या दुकानात गेलीस. दुकानदार भला होता. म्हणाला, "बाई, जुन्या कॅसेटी पोत्यानं येतात मुंबईहून. आधी कुणी काय भरलेलं असतं, आमाला काय ठाऊक? आमी त्याच्यावर आमचं भरतो. देवाचं लहान पडलं असंल, म्हणून मागचं शेपूट उरलं."

"मंग ती कॅसेट दाखवा की."

"ती कुठून दाखवू? परवाच तिच्यावर एक लगीन भरलं. आख्खं, शेवटापर्यंत."

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. दोन थांबे गेल्यावर म्हणालीस, "आक्का, त्या लग्नाच्या खाली ती पोरगी हाय." मी तुला खारमुरे दिले.

मग तू मास्तरांना विचारलंस. उभ्या अक्षरांचं सांगितलंस तर ते म्हणाले, चीन नाहीतर जपान. पण तिकडंही असली चित्रं लेकरांसाठी काढतात, मेलेल्या माणसावर जीव लावणारी पोरगी लेकरांना कोण दाखवील? तुमचा काहीतरी घोटाळा झाला. मग तू पालमच्या शिवणाच्या वर्गात विचारलंस, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना विचारलंस. कुणी पाहिलेलं नाही, कुणी ऐकलेलं नाही. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, कुणी काढलं माहीत नाही. कधी कधी मलाच वाटायचं, हे आपल्याच माजघरात उगवलं आणि तिथंच मावळलं. एकदा तू माझ्या चोळीच्या अस्तरावर, आतल्या बाजूनं, शिंप्याच्या खडूनं तिचा चेहरा काढून दिलास. हुबेहूब. मी ती चोळी दोन दिवस जास्त वापरली. पण खडूच तो, पहिल्या धुण्यात गेला.

आता भांडणाचं.

ती पोरगी शेवटी त्याच्याबरोबर गेली का नाही? तू म्हणायचीस गेली. मी म्हणायची, मला काय ठाऊक? नेमकी तेव्हाच गाय सुटली होती, मी ती बांधायला बाहेर गेले, शेवट तू एकटीनं पाहिलास.

"गेली आक्का. आपल्या पायानं गेली. कुणी वढलं न्हाई तिला."

"मेलेल्याच्या मागं जाणं म्हंजी मरणंच की गं."

"घरात तरी कुठं जित्ती होती ती?"

"खायला-प्यायला होतं, डोक्यावर छप्पर होतं. त्या म्हातारीनं काय कमी केलं होतं तिला?"

"मी कुठं म्हणते कमी केलं."

असं आपलं किती वेळा झालं. शेंगा फोडताना, वाकळ भरताना, दवाखान्याच्या बाकड्यावर. लोकांच्या जावा वाटणीवरून भांडतात, आपण एका चित्रातल्या पोरीवरून. विद्यापीठाच्या नावाचं एवढं मोठं भांडण यंदा संक्रांतीला मिटलं. त्यात माणसं गेली, घरं गेली, त्याची आपल्याशी बरोबरी करू नये. पण रेडिओवर ते ऐकलं तेव्हा तू अंथरुणावरून म्हणालीस, "बघा आक्का, आपलंच राहिलं." मी हसले. हसायला नको होतं.

आणि ती शेवयांची दुपार. ती तर मी कधीच काढली नाही पुन्हा. उन्हाळा होता, आपल्या अंगणात पाटावर शेवया चालल्या होत्या, दहाबारा बायका. मास्तरीणबाईंनीच सुरुवात केली. "काय गं अनसा, तुझी ती निळ्या केसाची सून कवा आणतीस?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मग त्या म्हणाल्या, "बरं, सांग तरी, झालं काय तिचं?" आणि तू सांगायला लागलीस. मी तुला इतकं बोलताना पहिल्यांदा पाहत होते. तुझ्या बोटांतली शेवई लांबत लांबत केसाएवढी बारीक झाली तरी तुटेना. तळं, कंदील, सावली, सगळं सांगितलंस. बायका गप झाल्या होत्या, खरं सांगते. आणि शेवटाला आलीस तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "असलं निघतच न्हाई कुठं. हे तुझ्या मनातलं हाय बाई."

तू म्हणालीस, "मनातलं कामून? आक्काला विचारा की. आक्का बसल्या होत्या संगं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, होय, पाहिलं.

मी म्हणाले, "मी तर गाय बांधायला गेल्ते. होती काहीतरी चित्रं. माझं ध्यान न्हवतं. ती म्हणती तर असंल."

असंल! त्या शब्दानं तुझं काय झालं ते मी पाहिलं. बायका इतक्या हसल्या की कुणाची तरी शेवई पाटावरून खाली गेली. कुणीतरी म्हणालं, "बिनधन्याच्या बाईला असलंच दिसायचं." तू खाली मान घालून शेवया ओढत राहिलीस. त्यानंतर चारचौघींत तू त्या पोरीचं नाव काढलं नाहीस. घरात, माझ्याजवळ तेवढं काढायचीस. ज्या बाईनं तुला तोंडघशी पाडलं तिच्याचजवळ. दुसरं होतं कोण तुला?

मला होतं कोण, हेही सांगते. सासूबाई गेल्या, घर माझ्या हातात आलं. मालक दिवसभर शेतात, लेकरं शाळेत, आणि माझं तोंड तर तुला माहीत आहे. बोलायला कुणी नसलं की मी जात्याशी बोलते. तू लग्न करून आलीस आणि मला ऐकणारं माणूस मिळालं. दुसऱ्याच वर्षी दीर काविळीनं गेले. तुझा बाप तुला न्यायला आला तेव्हा मीच आडवी झाले. "राहू द्या, मला धाकटी बहीण झाली," म्हणाले. गावानं माझं लय नाव केलं. पोटच्या पोरीसारखी ठेवली म्हणाले. तुला शिवणाच्या वर्गाला घातलं, मशीन घेऊन दिली, त्याचंही नाव झालं.

त्या मशीनीची दुरुस्ती करायला महिन्याला वालूरचा माणूस यायचा. बायको बाळंतपणात गेलेली, हे त्यानंच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. तो मशीन उघडायचा आणि तू तेलाची बाटली धरून उभी राहायचीस. कामापुरतं बोलायचात. पण तो आला की तू माझ्याही बोलण्याकडं नीट ध्यान द्यायची नाहीस, हे मला दिसत होतं.

त्या गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी त्याची मावशी आली. तू पालमला वर्गाला गेली होतीस. म्हातारी दोन गाड्या बदलून आली होती. ओसरीवर बसली, तळपाय चोळले आणि म्हणाली, "आक्का, उगं फिरवून बोलत न्हाई. पोरगं सरळ हाय. तुमची अनसा त्याला पाहिजे. ती काय म्हणती, तेवढं विचारा. न्हाई म्हणली तर मी उठून जाते."

मी तुला विचारलं नाही, अनसा.

मी म्हणाले, "आमच्यात असलं व्हत न्हाई." मालकांनाही सांगितलं नाही. मालक कदाचित हो म्हणाले असते, त्यांना तुझी कीव होती. लोकलाजेचा मी आडोसा घेतला. खरं एवढंच होतं, की तू वालूरला गेलीस तर संध्याकाळी माझ्यासमोर कोण बसणार? एवढ्यासाठी. म्हातारी उठली, चपला घातल्या. पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. तू एकदा विचारलंस, "मशीनवाला येत न्हाई व्हय आता?" मी म्हणाले, "काय की." मग परभणीचा दुसरा यायला लागला.

आणि मावशी आली त्या महिन्यातच माझ्या माजघरात ते तळं आलं, ती म्हातारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. मी काय पाहत होते आणि तू काय पाहत होतीस, ह्याचा हिशेब आता लावते आहे.

परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस मी तुझ्या उशाशी होते. नवव्या दिवशी तुला बरं वाटलं, उठून बसलीस, भाताची पेज मागितलीस. मी पेज पाजत होते. मधेच तू म्हणालीस, अगदी साध्या आवाजात, "आक्का, वालूरची मावशी आल्ती त्या दिवशी. तिला चहा तरी दिल्ता का तुमी?"

मी पेजेचा पुढचा चमचा भरला.

"दिल्ता," मी म्हणाले.

"बरं झालं," तू म्हणालीस. "म्हातारी लांबून आल्ती."

कुणी सांगितलं तुला? कधीपासून माहीत होतं? मी विचारलं नाही. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. मी पायावर डोकं ठेवलं असतं, रडले असते, मोकळी झाले असते. तू नुसता माझ्या हातून चमचा घेतलास आणि आपल्या हातानं पेज प्यालीस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटचं विचारलंस. "आता तरी सांगा आक्का. त्या पोरीचा शेवट तुमी पाहिलाव का न्हाई?" मी म्हणाले, "गप पड, डॉक्टर यायलेत." डॉक्टर येत नव्हते. अकराव्या दिवशी सकाळी मी नळावर तांब्या भरायला गेले आणि परत आले, तोवर तू नव्हतीस.

आता घरात सगळे मला जपतात. लेक म्हणते, माझ्याकडं चल. सून चहा हातात आणून देते. मी बोलायला लागले की सगळे माना डोलावतात, पण तुझ्यासारखं मधेच कुणी "व्हय?" म्हणत नाही. तुझ्या "व्हय?"वर मी अर्धा अर्धा दिवस बोलले आहे गं. ज्या बोलण्यासाठी तुला ठेवून घेतलं, ते बोलणं आता कुणाशी? संध्याकाळी ओसरीवर बसते आणि तोंड उघडून पुन्हा मिटते. वालूरला तुझी लेकरं मोठी झाली असती. मी सणाला आले असते. तू मला चार दिवस ठेवून घेतलं असतंस, आणि आपण तिथंही भांडलो असतो.

तर अनसा, तुझी गवाही मी आता देते. दवाखान्यात देता आली असती, शेवयांच्या पाटावर देता आली असती. दिली नाही. आता देते, आणि ज्याला हसायचं त्यानं हसावं.

गाय सुटली नव्हती. गाय दावणीला बांधलेली होती. मी उठले ते उंबऱ्यापर्यंत, आणि तिथं पाठमोरी उभी राहिले. मला पुढचं बघवेना. पण आत टीव्हीवर गाणं सुरू झालं तशी मी वळले, आणि दाराशी उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं.

तो पायरीवरून उठला होता. त्यानं हात पुढं केला नाही. उलट हातानं तिला सांगत होता, तू आत जा. आणि तळ्याकडं चालायला लागला. ती पोरगी दाराशी आली तर दार बंद. तिनं दार हलवलं नाही, ओरडली नाही, नुसती उभी राहिली. मग ती म्हातारी आली. मला वाटलं, आता दंडाला धरून आत नेणार. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. लय वेळ पाहिलं. कमरेचा जुडगा काढला, किल्ली लावली आणि आपल्या हातानं दार उघडून बाजूला सरकली.

तू इतकी वर्षं शेवट सांगितलास, पण हे कधी सांगितलं नाहीस. आपल्या पायानं गेली, एवढंच म्हणायचीस. म्हातारीचं तू मला लागू दिलं नाहीस.

पोरगी गेली. अनवाणी गेली, मागं वळली नाही. आणि म्हातारी एकटी दारात उभी होती. बर्फ आत यायला लागला, तिच्या पायावर पडायला लागला, तरी फीत संपेपर्यंत तिनं दार लावलं नाही.

मी पाहिलं, अनसा.

तुझी,
आक्का